उभ्याला आणि आडव्याला मिळून एक हलका डबा

माझी पाठ गेली ती माढ्याला, एका लग्नाच्या मांडवात, भर दुपारी.

मी नोकरीला सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात आहे, आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. गाण्याच्या खालून जो धुम धुम आवाज चालू असतो आणि ज्याच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं, तो माझा. त्यासाठी माझ्याकडे स्पीकरचा एक डबा होता. सुताराकडून जाड प्लायवूडचा करून घेतलेला, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारलेला. तो उचलायला तिघे लागायचे आणि त्या दिवशी आम्ही दोघेच होतो. ‘हां, घे’ म्हणून मी वाकलो, कमरेत काहीतरी कट्कन झालं आणि मी वाकलो होतो तसाच राहिलो. आमच्या लोकांनी आधी तो डबा जपून खाली ठेवला, धूळ बसू नये म्हणून त्यावर चादर टाकली, आणि मग मला नेऊन टेंपोत आडवं केलं. मला चादर मिळाली नाही.

टेंपोत पडल्या पडल्या मी सगळा कार्यक्रम ऐकला. बेस वाजत होता! आमचा कीबोर्डवाला, बँकेत काम करणारा सज्जन माणूस, उजव्या हातानं नेहमीचं वाजवत होता आणि रिकाम्या डाव्या हातानं माझं वाजवत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याच्या मित्रांनी नाच केला. आज बेसवाला कुठं गेला, असं कुणी एका शब्दानं विचारलं नाही. इतकी वर्षं मी जे पोटच्या पोरासारखं जपलं, ते एका माणसाच्या फावल्या हातात मावत होतं. मला पाठीपेक्षा ते जास्त दुखलं.

कार्यक्रम संपल्यावर ऑर्केस्ट्राचा मालक टेंपोत डोकावला. हा माझा कॉलेजपासूनचा मित्र, ड्रम वाजवतो आणि सगळ्यांवर ओरडतो.

“काय बे, जिवंत हायस का? काळजी करू नको. ह्यो डाव्या हातानं सांभाळतोय की.”

“म्हणजे मी नको?”

“तू हवा की. तुजा डबा नको. माजी माणसं आता त्या धोंड्याला हात लावत न्हाईत. एकट्याला उचलंल असा डबा घिऊन आलास तर ये. न्हाईतर ह्याचा डावा हात हायच.”

पुढचं लग्न सांगोल्याला होतं, माझ्या बायकोच्या चुलतभावाच्या मुलीचं. म्हणजे सासुरवाडीचे झाडून सगळे पाहुणे समोर बसणार आणि माझ्या जागी एक डावा हात वाजवणार. असं झालं असतं तर मी परत सांगोल्यात पाऊल टाकलं नसतं.

डॉक्टरांनी फोटो काढले, तपासलं आणि सांगितलं, पाण्याच्या भरल्या घागरीपेक्षा जड काही उचलायचं नाही. बायको म्हणाली, “ह्यांनी घागर तरी कवा उचलली?” डॉक्टर हसले. मला हसताही येत नव्हतं, कमरेत कळ यायची.

आता अडचण अशी, की माझ्याकडे बेस दोन. एक नेहमीचा इलेक्ट्रिक, गिटारसारखा गळ्यात अडकवून वाजवायचा. दुसरा माणसापेक्षा उंच, जमिनीवर उभा ठेवून गजानं किंवा बोटांनी वाजवायचा, व्हायोलिनचा थोरला काका म्हणा. तो मी पुण्याच्या एका रिटायर झालेल्या बँडवाल्याकडून हौसेनं आणला होता. घरात त्यांना उभा आणि आडवा म्हणतात. आडवा नाचाच्या गाण्यांना लागतो आणि उभा मंगलाष्टकांना. दोघांच्या खोडी वेगळ्या. आडव्याला पोटात बुक्की बसावी असा आवाज लागतो. उभ्याचं पोट पोकळ, त्यात स्पीकरचाच आवाज शिरला की तो आपोआप हंबरायला लागतो आणि थांबतच नाही. दोघांसाठी दोन डबे घ्यायचे म्हटलं तर बायकोनं मला घराबाहेर झोपायला लावलं असतं. तेव्हा एकच डबा, दोघांना चालणारा, आणि तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, मी एकटा चढवू शकेन असा हलका.

हलका! सोलापुरात हा शब्द जपून वापरावा लागतो. आमच्या गावात चादर कशी घेतात, बघा. घडी दोन्ही हातांवर घ्यायची, दोनदा वर-खाली झेलायची आणि मग भुवया उडवायच्या. जड लागली तर माल चोख, हलकी लागली तर दुकानदार लबाड. नक्षी वगैरे नंतर. मी तर दिवसभर टॉवेलांची वजनंच तपासतो. हलका निघाला की बाजूला फेकतो. तेव्हा हलका स्पीकर चांगला असू शकतो, हे माझ्या डोक्याला पटत होतं, हातांना पटत नव्हतं.

गावातल्या साउंडवाल्यांना तर मुळीच पटेना. एका दुकानात मी म्हटलं, हलकं काहीतरी दाखवा. दुकानदार दखनीत म्हणाला, “हल्का कायकू होना? ये देखो, चार आदमीसे हिलता नै!” आणि आपल्या डब्यावर अशी थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. दुसऱ्या दुकानदारानं विचारलं, शाळेच्या गॅदरिंगसाठी हवाय का. तिसऱ्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपल्या ओळखीचा मालिशवाला सुचवला.

शेवटी पुण्याला जायचं ठरलं. दोन्ही बेस नेणं भाग होतं, कारण नुसत्या वर्णनावर डबा घेणं म्हणजे फोटो बघून जावई करण्यासारखं. मेहुणा मदतीला आला. बायकोचा हा भाऊ सांगोल्याला डाळिंबं पिकवतो आणि स्वतःच्या टेंपोनं पुण्याच्या बाजारात नेतो. त्यानं उभ्याकडे बराच वेळ बघितलं.

“दाजी, ह्ये वाजवायचं हाय का ह्यात कपडं ठेवायचं?”

आम्ही उभ्याला डाळिंबाच्या क्रेटांवर गोधडीत गुंडाळून झोपवलं. मेहुणा गाडी चालवत होता, मधे बायको, कडेला, कमरेला पाठीचा पट्टा बांधलेला मी. मोडनिंबला चहाला थांबलो तेव्हा एका म्हाताऱ्यानं टेंपोत डोकावून बघितलं, हात जोडले आणि विचारलं, “कोण गेलं म्हणायचं?” मेहुण्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “अजून न्हाय गेलं, पुण्याला दाखवायला न्हेतोय.”

पुण्याचं दुकान थंडगार होतं. सेल्समन केस मागे बांधलेला, अतिशय सभ्य. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काका, तुम्हाला निओ लागेल.” म्हणजे काय, तर या स्पीकरांचं लोहचुंबक वेगळ्या धातूचं असतं, लहान असूनही जोरकस, आणि लाकूडही पातळ, हलक्या जातीचं, आतून आडव्या पट्ट्या मारून मजबूत केलेलं. मी पहिला डबा उचलायला वाकलो, तेवढ्यात बायको ओरडली, “सरका!” आणि तिनं तो स्वतः उचलला. दोनदा झेलला. सेल्समनच्या तोंडचं पाणी पळालं.

“जिना कुठाय?” तिनं विचारलं.

“जिना? मॅडम, जिना कशाला?”

“आमच्या घराला जिना हाय.”

दुकानाच्या मागे गोदामात जायचा जिना होता. प्रत्येक डबा घेऊन ती जिना चढली आणि उतरली. सेल्समन दोन्ही हात पसरून तिच्या मागे. मी वाजवायचो, ती वाहायची. हिशेब सरळ होता. माझी पाठ पुन्हा गेली तर डबा तिच्याच गळ्यात येणार होता.

पहिल्या डब्यात लहान लहान दोन स्पीकर होते. आडवा त्यात असा खणखणीत वाजला की मी तिथंच नाचलो असतो. पण उभा जोडला तर तो सर्दी झाल्यासारखा नाकात बोलायला लागला. दुसऱ्यात एकच मोठा स्पीकर. त्यावर उभ्याची सगळ्यात खालची तार ओढली आणि उभा हंबरायला लागला. त्याच्याबरोबर भिंतीवर टांगलेल्या सगळ्या गिटारी हंबरायला लागल्या, आणि मेहुणा बाहेर जाऊन टेंपोचं इंजिन बंद आहे ना ते बघून आला. तिसरा डबा मध्यम स्पीकरचा होता, वरच्या बाजूला बारीक आवाजासाठी एक छोटा स्पीकर, त्याला कमी-जास्त करायची खुंटी, आणि खाली हवा बाहेर पडायला तळहाताएवढी आडवी फट. आडव्याला पोट भरून आवाज मिळाला. उभ्यासाठी मी ती खुंटी थोडी मागे फिरवली, डबा जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायला लावला, म्हणजे जमीन घुमत नाही, आणि गज ओढला. लाकडाचा, तारेचा, गजाच्या केसांचा आवाज जसाच्या तसा आला. हंबरणं नाही, काही नाही. मी डोळे मिटले. मला खरंच भरून आलं.

बायकोनं डब्यावर टिचकी मारून बघितली, जशी कलिंगडावर मारते. मग वाकून त्या फटीत बघितलं. “ह्यातनं उंदीर जाईल की.”

सेल्समन जरा विचार करून म्हणाला, “मॅडम, आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

तिनं एका हातानं डबा उचलला, जिना चढली, वरून खाली बघितलं आणि म्हणाली, “ह्योच घ्या.” परतीच्या वाटेवर मेहुणा मात्र दोनदा म्हणाला, “दाजी, लईच हलका हाय ओ.” मी लक्ष दिलं नाही. ते द्यायला हवं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी बायको हळदीला माहेरी निघाली. मला कारखान्यात सुट्टी नव्हती, म्हणून मेहुण्याच्या टेंपोतून तिच्याबरोबर डबाही पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी मी उभा आणि आडवा घेऊन ऑर्केस्ट्राच्या गाडीतून सांगोल्याला पोचलो. मांडव भरला होता. स्टेजवर एका बाजूला आमच्यासाठी जागा, आणि तिथं माझा नवा डबा टेबलावर, नवरा-नवरीकडे तोंड करून, आधीच विराजमान. मेहुण्यानं त्याला झेंडूचा हारही घातला होता.

आमचा मालक कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. “ह्योच का? बरं. उचलून दाखव की एकदा. समद्यांसमोर.”

मी हसत पुढे झालो, हँडल धरलं आणि उचललं.

डबा हलला नाही.

मी पुन्हा धरलं, श्वास घेतला. टेबल करकरलं, डबा जागचा हलला नाही. हाच डबा बायकोनं माझ्यासमोर एका हातानं जिन्यावर नेला होता. गेल्या आठवड्यात तिचा डोळा चुकवून मी तो घरात या खोलीतून त्या खोलीत नेऊन पाहिला होता. म्हणजे आता माझ्यातच काही उरलं नव्हतं. पाठ कायमची गेली होती. मी कसंबसं म्हटलं, “मंगलाष्टका होऊ दे, मग दाखवतो.” मालकानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लगेच मान खाली घालून ड्रमचा एक स्क्रू पिळायला लागला. तो घट्टच होता. मग हळूच म्हणाला, “आज वाजीव. पुढचं बघू.” आणि कीबोर्डवाल्याच्या कानात काहीतरी सांगून आला. कीबोर्डवाला बिचारा माझ्याकडे बघेना.

मंगलाष्टका सुरू झाल्या. नवरा-नवरीमधे अंतरपाट धरलेला. लोक हातात अक्षता घेऊन उभे. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या असतात, कुंकवात रंगवलेल्या. मी उभ्याला मिठीत घेतलं. हे आपलं शेवटचं वाजवणं, असं मनाशी म्हटलं आणि शेवटचंच आहे तर लोकांना ऐकू तरी जाऊ दे म्हणून आवाज नेहमीपेक्षा बराच वाढवला. पहिल्या मंगलाष्टकेला डब्यातून खुळखुळ्यासारखं काहीतरी वाजलं. मला वाटलं, स्पीकरही फाटला; सगळंच एकदम जायचं दिसतंय. दुसरीच्या मध्यावर मी सगळ्यात खालची तार धरली आणि सगळं दुःख गोळा करून गज शेवटपर्यंत ओढला.

डब्याच्या फटीतून फर्रकन ज्वारी उडाली.

थोडी नाही. मूठ मूठ, गजाच्या लांबीएवढी सलग धार. पुढच्या रांगेतल्या करवल्यांच्या केसांत, भटजींच्या पोथीवर, अंतरपाटावर तडतड तडतड. माझा हात भीतीनं थांबण्याऐवजी उलटा फिरला, आणि दुसरी धार थेट नवऱ्याच्या फेट्यावर गेली.

लग्नात ज्वारी उडताना दिसली की माणूस विचार करत नाही. स्टेजवरून अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं असं समजून सगळ्या मांडवानं हातातल्या अक्षता एकदम उधळल्या. त्या उधळल्या म्हणून बाहेर हलगीवाल्यांनी दणका दिला. हलगी ऐकून कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. आणि फटाके ऐकल्यावर अर्धा मांडव पाठ फिरवून पंगतीकडे धावला. भटजी माइकवर ओरडत होते, “अहो थांबा! अजून तीन हायत! अंतरपाट तसाच हाय!” पण सांगोल्याच्या भर दुपारी पंगतीकडे वळलेला माणूस मागे येत नाही. अंतरपाट धरणाऱ्या दोघांपैकी एकजण मान मागे वळवून पानं वाढतायत का ते बघत होता. नवरी पदरात तोंड लपवून हसत होती, आणि कापड एका बाजूनं खाली आल्यामुळे नवरा तिला बघत होता.

“काय केलंस बे!” मालक गरजला. मी डब्याकडे बोट दाखवलं.

इतक्यात मेहुणा गर्दीतून वाट काढत स्टेजवर चढला. चेहरा पडलेला.

“दाजी, म्या भरली. अर्धं पोतं. पत्रावळीचं नरसाळं करून फटीतनं वतली.”

“का?”

“काल टेंपोतनं काढताना उचलला तर हातात काय आलंच न्हाय. पुण्यावाल्यानं दाजींना फशिवलं म्हटलं. पावण्यांनी डबा झेलून बघितला आन् हलका लागला, तर तुमची इज्जत काय ऱ्हायली असती?”

अर्धं पोतं ज्वारी! म्हणजे माझी पाठ नव्हती. ज्वारी होती! मी मेहुण्याला कडकडून मिठी मारली. त्याला वाटलं मी गळा दाबतोय, तो सुटायची धडपड करायला लागला. बायको धावत वर आली, तिनं आणि मेहुण्यानं डबा धरून स्टेजच्या मागच्या कडेला नेला, फटीच्या बाजूनं खाली तिरपा केला, आणि फटीतून ज्वारीचा ओघ खाली मातीत लागला. मांडवाबाहेर बांधलेल्या शेळ्यांपैकी दोन दावं सोडवून तिथं हजर झाल्या. समोर भटजी उरलेल्या माणसांवर उरलेल्या मंगलाष्टका म्हणत होते, घाईघाईत, आणि कीबोर्डवाला दोन्ही हातांनी त्यांना साथ देत होता.

डबा रिकामा झाल्यावर मी हँडल धरलं. उचलला. आला! सरळ, अलगद, एका हातात. मी तो घेऊन स्टेजवरून उतरलो, गरज नसताना दोन पंगतींच्या मधून चालत गेलो, वळलो आणि परत आलो. एका पाहुण्यानं तोंडात घास असताना विचारलं, “रिकामा हाय व्हय ओ डबा?”

“व्हय,” मी ओरडून सांगितलं, “पार रिकामा हाय!”

संध्याकाळच्या स्वागत समारंभाला मी आडवा वाजवला. डबा मध्येच एखादा दाणा थुंकायचा, पण लोक नाचत होते. मालक माझ्याशी एक शब्द बोलला नाही. परत येताना गाडीत तो पुढे बसला, मी मागे. उभ्याला टेकून मी सोलापूरपर्यंत विचार करत आलो की हा राग उतरेल की डावा हात जिंकला.

दहाएक दिवसांनी त्याचा फोन आला. मोहोळच्या पार्टीनं बुकिंग केलं होतं. त्यांचे कुणी पाहुणे सांगोल्याच्या लग्नात होते.

“ऐक. त्यांनी इचारलंय, ते अक्षता उडवणारं मशीन येणार का. लई आवडलंय लोकास्नी. डब्यात चार मुठी ज्वारी टाकायची, बास.”

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी वाजवलं ते कुणी ऐकलं नाही, आणि आता मला बोलावणं येतं ते ज्वारीसाठी! “मी ज्वारीवाला नाही,” मी म्हणालो. “माझ्या डब्यात एक दाणा जाणार नाही. चालत नसेल तर तुझा तो डावा हात आहेच. त्याला सांग ज्वारी टाकायला.”

मला वाटलं, संपलं.

मग तो म्हणाला, आणि कॉलेजपासून मी त्याला इतक्या खालच्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, “न्हाय ज्वारी तर न्हाय. त्यास्नी सांगतो मी. तू ये. माढ्याला त्यो डाव्या हातानं वाजवत हुता ना, तवा माजा पाय सारका चुकत हुता. कुणाला कळलं न्हाय, पर मला कळत हुतं की. ड्रमवर पाय मारायचो, तर खाली कुणीच नसायचं.”

फोन कानाला तसाच धरून मी भिंतीकडे तोंड केलं. आतून बायको आली, माझे खांदे हलताना तिनं बघितले आणि घाबरून म्हणाली, “काय झालं ओ? परत पाठ का?”

“न्हाय,” मी म्हणालो. “पाठ न्हाय.”